पडवीवरचं नाव, मांगरातलं नाव

"रोज सकाळी ह्यो माणूस त्या कॉम्प्युटराक इचारता, मी कोण म्हणान. कॉम्प्युटर काय ता सांगता, मगेच ह्यो कामाक बसता." दादांची ओळख मला पहिल्यांदा करून दिली ती त्यांच्या शेजारणीने, आणि वर स्वतःच्या कपाळापाशी बोट नेऊन दोनदा फिरवलं. मी मान डोलावली. पुढची अडीच-तीन वर्षं ह्याच माणसाच्या पडवीवर बसून मला नोकरी करायची होती, त्यामुळे वेडाचा प्रकार आधी कळलेला बरा, एवढाच माझा विचार.

झालं होतं असं की कंपनीने सगळ्यांना घरून काम करायची मुभा दिली आणि मी पुणं सोडून जामसंड्याला परत आले. आमच्या घरी रेंज म्हणजे माडावर चढलात तर मिळेल अशी. हे माझ्याच कंपनीतले, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, आणि माझ्या कितीतरी आधी गावी येऊन बसलेले. खाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, आणि त्या घरापर्यंत इंटरनेटची तार आलेली. मी फोन केला. "ये," म्हणाले, "पडवेर जागा आसा. फक्त नाव नीट घेवन ये." सगळी वाडी त्यांना दादा म्हणायची, मीही म्हणू लागले.

नाव नीट घेऊन येणं म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या धंद्यात एका प्रोग्रॅमवर दहाजण हात चालवतात. कोणी काय बदललं ते सगळं एका ठिकाणी साठत जातं, आणि प्रत्येक बदलावर बदलणाऱ्याचं नाव आणि ईमेल उमटतं. बहुतेकांना ह्या नावाची काही पडलेली नसते. संगणक घेतला त्या दिवशी जे टाकलं ते टाकलं. दादांचं तसं नव्हतं. त्यांची तीन नावं होती. नाव म्हणजे माणूस तोच, पण तीन कामांसाठी तीन ईमेल, तीन सह्या म्हणा. कंपनीचं काम करायचं ते पडवीवर, कॉलरचा शर्ट घालून. स्वतःच्या हौसेचं काम करायचं ते मांगरात. मांगर म्हणजे कलमांच्या बागेतली झोपडी, आंब्याच्या पेट्या आणि पेंढा ठेवायची. तिथे बनियन आणि पंचा. आणि देवस्थानाच्या जत्रेच्या तारखा इंटरनेटवर टाकायच्या असतील तर आंघोळ करून, माजघरात पाटावर. लॅपटॉप एकच, स्वतःचा, पण त्यात फोल्डर तीन: पडवी, मांगर, पाट. ज्या फोल्डरात काम, त्या फोल्डरचं नाव आपोआप लागायचं. तरी कामाला बसताना ते संगणकाला 'मी कोण' म्हणून विचारायचेच, आणि तेही मोठ्याने.

खरं सांगायचं तर व्यवस्था अगदी शहाणी होती. आमच्यातले चार शिकलेले लोक असंच करतात, फक्त शर्ट बदलत नाहीत.

माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी नावां किती?" मी म्हटलं एकच. त्यांनी कंपनीच्या जुन्या कामात शोध घेतला आणि माझी तीन नावं काढून पुढ्यात ठेवली. एक माहेरचं. एक नवऱ्याच्या आडनावाचं. आणि तिसरं, माझ्या सासूबाईंनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून घेतलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात मी त्या नावाने खातं उघडलं होतं, आणि नंतर सासरचे काय, मीसुद्धा ते नाव विसरून गेले होते. मला हसू आलं आणि लाजही वाटली. म्हटलं, पुसून सगळीकडे एकच करून टाकू.

"पुसूचा नाय," ते म्हणाले. "ज्या वेळेक जा नाव होता, त्या नावान तू काम केलंस. ता तसाच रवांदे. आपण फक्त खाली एक ओळ घालूया, की ही तिघी एकच आसत." तशी सोय असते खरी. एक छोटी फाइल ठेवायची आणि त्यात सांगायचं की ही नावं ह्या एकाच माणसाची. त्या तिघींमध्ये वरचं नाव कुठलं ठेवायचं हे मात्र ते मला सांगेनात. "ता तुझा तू ठरव. घोवाक फोन करू नको." मी दुपारपर्यंत विचार केला आणि माहेरचं ठेवलं. माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारला होता तो एवढ्या एकाच माणसाने.

घरात ते आणि त्यांची आई. आईला सगळे आये म्हणायचे. ऐंशीच्या पुढची, कानाने तिखट, जिभेने त्याहून. ती अंगणातून हाक मारायची, "रे, नारळ सोलून दी." हे पडवीवरून, "थांब आये, मी आता कंपनीत आसंय." त्यावर ती, "कंपनी माज्या पडवेर बसता, भाडा देता काय?" घरचा फोन आला की हे पडवी उतरून अंगणात उभे राहायचे. पाऊस असला तर छत्री घेऊन. मी एकदा म्हटलं, दादा, फोनच तर आहे, वर बसून बोला. म्हणाले, "वर मी त्यांचो, खाली मी माजो." थट्टा करत नव्हते.

मांगरातल्या कामांत त्यांचा जीव ज्यावर होता ते म्हणजे भरती-सुकतीचा, म्हणजे भरती-ओहोटीचा, प्रोग्रॅम. आमच्या खाडीच्या तोंडाला वाळूचा पट्टा आहे. पुरी भरती असल्याशिवाय होडी आत येत नाही. जुने लोक तिथीवरून वेळ काढायचे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. नव्या पोरांना तिथी माहीत नसते, फोन माहीत असतो. म्हणून दादांनी हा हिशेब फोनवर आणला, फुकट, आणि सगळा उघडा, कोणालाही आत काय लिहिलंय ते वाचता येईल असा. नारळीपौर्णिमेला होड्या बाहेर पडल्या तेव्हा वाडीतल्या प्रत्येक तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, फोनवर तो होता. त्या वेळी मी त्यांना नुसतं बसून, कारण नसताना हसताना पाहिलंय.

मग चतुर्थी आली. कोकणातल्या चतुर्थीला घर आपलं राहत नाही. मुंबईचे चाकरमानी आले, पडवीवर भजनाची मंडळी, मांगरात पुतण्यांची अंथरुणं, माजघरात गणपती. दादांनी गणपती बसायच्या दिवशीची सुट्टी घेतली होती; तिसऱ्या दिवशी कामावर हजर होते, पण बसायला जागा नाही. शेवटी लॅपटॉप घेऊन माळ्यावर चढले, सतरंज्या आणि पितळी भांड्यांच्या खोक्यांमध्ये. मी त्या दिवशी दर्शनाला गेले होते, तेव्हा वरून फक्त त्यांचे पाय दिसत होते.

तेवढ्यात वाडीतला एक तांडेल आला. गणपतीपुढे नारळ ठेवला, हात जोडले, आणि वर माळ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "दादा, तुमच्या फोनान माजी होडी रेवेर बसयल्यान."

झालं होतं ते असं. पंचांगात कधीकधी एखादी तिथी गळते, आज पंचमी आणि उद्या एकदम सप्तमी. दादांचा प्रोग्रॅम दिवस मोजत होता, चंद्र मोजत नव्हता. त्यामुळे गळलेल्या तिथीनंतर वेळ पाऊण तासाने चुकली. होडी भरून आली होती, वाळूवर कलंडली, मासे उन्हात राहिले. कोणाला लागलं नाही एवढंच. दादांचा चेहरा उतरला. कंपनीचं काम बाजूला ठेवून त्यांनी तिथेच, माळ्यावर, प्रोग्रॅमची नवी प्रत उतरवून घेतली आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत चंद्राचं खरं गणित त्यात बसवलं. सुरेख बसवलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मिनिटाचा फरक नाही.

फक्त ती प्रत उतरवली होती पडवीच्या फोल्डरात, कारण त्या घटकेला तोच उघडा होता. आणि त्या दिवशी त्यांनी संगणकाला विचारलं नाही. का, तर सकाळीच मुंबईचे पुतणे-पुतण्या त्यांची नक्कल करून लोळून हसले होते: काका विसरले ते कोण आहेत. शरमेने त्या दिवशी हा माणूस गप्प राहिला, आणि प्रोग्रॅमच्या सगळ्यात मोलाच्या तुकड्यावर कंपनीचं नाव उमटलं.

महिने गेले. कंपनीत एक नेहमीची तपासणी असते, आपला ईमेल बाहेरच्या उघड्या कामांवर कुठे दिसतो का. तो दिसला. आमच्या दोघांचा मॅनेजर पुण्याहून बोलायला आला, म्हणजे पडद्यावर. मी शेजारीच बसले होते. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सर, काम सुंदर आहे. आपल्या पर्यटनाच्या ॲपमध्ये घालू या का? हॉटेलवाले पैसे देतील. नाव आपलं आहे, म्हणजे काम आपलंच झालं ना?" दादांनी विचारलं, मग होडीवाल्यांच्या फोनवरचा? तो म्हणाला, मग तो उघडा ठेवता येणार नाही. मग त्यानेच वाट काढून दिली. "चुकून झालं असेल तर तसं सांगा, सर. गणपतीचे दिवस होते. तुम्ही सुट्टीवर होता असं धरू आणि विषय संपवू."

मी मनात म्हटलं, धरा. देवा, ह्यांना धरायला सांग.

"मी हजर होतो," दादा शुद्ध मराठीत म्हणाले. पडवीवर ते शुद्धच बोलायचे. "सुट्टीचा अर्ज नव्हता. त्या दुपारी मी तुमचा होतो. तो तुकडा तुमचा आहे, घ्या. बाकीचा प्रोग्रॅम माझ्या मांगरातला आहे, तो मिळणार नाही."

मॅनेजरने डोकं खाजवलं. नुसत्या तुकड्याचं तो काय करणार? पण वाद घालावा असं समोर काही नव्हतं. त्याच संध्याकाळी दादांनी शर्ट काढला, मांगरात गेले आणि तो तुकडा प्रोग्रॅममधून काढून टाकला. कारणही लिहिलं, कोणालाही वाचता येईल असं: हे काम कंपनीच्या वेळेत झालेलं आहे, म्हणून काढलं.

मला संताप आला. खोटं कशाला सांगू, मी त्यांना बोलले. ते नाव बदलायला मला दोन मिनिटं लागली असती. मागचा सगळा इतिहास नव्या नावाने परत लिहिता येतो, आणि लोक तो लिहितातही. म्हटलं, दादा, तुमच्या नियमापायी उद्या कोणाची होडी पलटी झाली तर? तांडेलानेही समजावलं. "दादा, नाव खोटा आसांदे, पण वेळ बरोबर होती मां?" ते दोघांचंही ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "माका समाजता. पण मी ता बदलूचंय नाय."

मग नवीन लिहा, मी म्हटलं. सुट्टी काढा, मांगरात बसा, परत लिहा. त्यावर म्हणाले, "डोक्यात ताच आसा गो. परत लिवलंय तरी ताच येतला. हात माजो, पण माल त्यांचो."

पुढचे काही महिने त्यांनी जे केलं त्याला वाडी हसली आणि वाडीने ते निमूट चालवूनही घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून ते गळणारी तिथी हुडकायचे, आणि तेवढ्या दिवसांपुरती फोनवर वेळेच्या जागी एक ओळ यायची: आज तिथी गळली आहे, मला फोन करा. मी म्हटलं, ओळ हाताने घालता तर वेळच का नाही घालत? म्हणाले, "हातान घातलेली वेळ प्रोग्रॅमाची न्हय, माजी. माजी आसा तर मीच सांगान." आणि फोन खरोखर यायचे. पडवीवर बसून घरचे फोन घेता येत नाहीत, म्हणून अशा प्रत्येक दिवशी हा माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून अंगणात आंब्याखाली खुर्ची घेऊन बसायचा. वेळ सांगायची, आणि होडी आत आल्याचा उलटा फोन आला की उठायचं. रजा संपत आल्या. ताप आला तरी खुर्ची तिथेच. माणूस सुकत चालला होता, आणि ते मला बघवेना.

शेवटी मी म्हटलं, मी लिहिते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ही गोष्ट त्यांना सुचलीच नव्हती, आणि लगेच अटी सुरू. आधी सुट्टी मंजूर करून घे. तुझा स्वतःचा लॅपटॉप, कंपनीचा नव्हे. माझ्या घरात बसायचं नाही. मी काय लिहिलं होतं ते उघडून बघायचं नाही, आणि मला काही विचारायचं नाही. "मगे इचारू कोणाक?" मी वैतागून त्यांच्याच भाषेत म्हटलं. "चंद्र काय माज्या बापाशीचो आसा?" असं म्हणून ते आत गेले.

शिमग्याची सुट्टी घेऊन मी धामापूरला मामाकडे गेले. तळ्याच्या पायऱ्यांवर तेवढी रेंज येते. भगवतीच्या देवळाकडे पाठ करून, पंचांग मांडीवर घेऊन मी सगळं गणित पहिल्यापासून शिकले आणि माझ्या पद्धतीने लिहिलं. दादांनी ते मांगरात नेऊन दोन दिवस वाचलं. एक चूक काढली. मग म्हणाले, "माज्यापेक्षा साधा आसा. बरा आसा." त्या माणसाकडून ह्यापुढे स्तुती जात नाही. माझं काम प्रोग्रॅममध्ये गेलं, माझ्या नावाने, आणि अंगणातली खुर्ची घरात गेली.

त्या संध्याकाळी आये मांगराच्या दारात येऊन बसली. आमच्या दोघांची तोंडं बघून तिने विचारलं की झालं काय. दादांनी सांगितलं. प्रोग्रॅमवर कोणाकोणाची नावं आहेत तीही सांगितली, कंपनीचंसुद्धा. काढलेल्या कामाचं नावही इतिहासात राहतं. आये ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि तुज्या बापाशीचा?"

"आये, ह्येच्यात बापाशीन काय केल्यान?"

म्हातारी माझ्याकडे वळली. "तुका म्हायत नाय गो. ह्येचो बापूस जल्मभर बोटीर होतो. पण आपल्या नावान न्हय. कागदां होती चुलतभावाची. तो भियालो, जावक नाय, म्हणान माजो घोव एका फेरीक गेलो तेच्या कागदांवर. त्या एका फेरीचो जल्म झालो. बोटीर सगळे तेका भावाच्या नावान हाक मारीत. शाबासकी इली तरी भावाच्या नावान. कागदार बघशीत तर माज्या घोवान जल्मात काय्येक करूक नाय. बसान खाल्ल्यान."

मी दादांकडे पाहिलं. ते पेंढ्याची काडी मोडत बसले होते. त्यांच्या शर्टांचा, फोल्डरांचा आणि अंगणातल्या छत्रीचा उगम मला तेव्हा समजला, आणि मी त्यांना बोलले होते त्याचं वाईट वाटलं.

"ता खरा, आये," ते हळूच म्हणाले. "पण काम केल्याशिवाय नाव घालूक येणा नाय. बापाशीचा जाला तरी."

"तिथीची पाऊणपट तुका कोणी शिकयल्यान?" आयेने विचारलं.

दादांनी हातातली काडी खाली टाकली.

"सुट्टीर इलो की तुका खांद्यार घेवन खाडयेर जाय. बोटां मोडून शिकवी. तू चार वर्साचो. तुका म्हायत नाय, माका म्हायत आसा. ता काम न्हय?"

मग दादांनी लॅपटॉप उघडला. आमच्या त्या व्यवस्थेत एक सोय आहे: काम कोणी केलं ते वेगळं लिहिता येतं आणि नोंद कोणी केली ते वेगळं. जुन्या नोंदींना त्यांनी हात लावला नाही. प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी, जिथे पाऊणपट येते, तिथे तो नियम त्यांनी साध्या शब्दांत लिहिला, वडील बोटं मोडून सांगत तसा. काम करणारा म्हणून वडिलांचं नाव घातलं, खरं, बारशाचं. नोंदणारा म्हणून स्वतःचं. संगणकाने वडिलांचा ईमेल मागितला. तिथे काहीही घातलं तरी चालतं, लोक वाटेल ते घालतात. दादांनी ती जागा रिकामी ठेवली.

आये उठून जवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. दादांनी पडद्यावर जागा दाखवली, तिथे तिने बोट ठेवलं.

"तू वाच," ती मला म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं.

मी वाचलं.

"मोठ्यान वाच गो," ती म्हणाली. "वाडयेत आयकांदे."

मी मांगराच्या बाहेर आले आणि मोठ्याने वाचलं.